६६० नॅनोमीटरच्या नावाखाली भलतेच लाल दिवे दिल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मालवण येथील आमच्या शेडसाठी आपल्याकडून लाल व निळे एलईडी पॅनल घेतले. बिलाची प्रत सोबत आहे. हिमॅटोकोकस या गोड्या पाण्यातल्या शेवाळापासून अ‍ॅस्टॅक्सॅन्थिन हे लाल रंगद्रव्य मिळवण्यासाठी ते हवे होते. आधी लाल उजेडात हिरव्या पेशी वाढवायच्या, मग नायट्रेट हे पोषणद्रव्य बंद करून ४५० नॅनोमीटरच्या आसपास (ही उजेडाची तरंगलांबी, तिच्यावर रंग ठरतो) निळा उजेड द्यायचा. त्या ताणात पेशी जाड कवच धरून रंग साठवतात. निळ्या पॅनलबद्दल तक्रार नाही.

लाल पॅनलवर ऑर्डरप्रमाणे ६६० नॅनोमीटरचे स्टिकर आहे. स्पेक्ट्रोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती, ते दाखवणारे यंत्र) मात्र शिखर ६३२ वर येते. हे सजावटीच्या पट्ट्यांतले लाल दिवे. खऱ्या ६६० शेजारी धरले की नारिंगीकडे झुकलेले दिसतात. हिरव्या शेवाळातले क्लोरोफिल ६३० चा उजेड ६६० पेक्षा बरेच कमी शोषते. वीज तेवढीच जळते, पण पेशी दाटत नाहीत, आणि पेशीच विरळ तर निळ्याखाली रंग भरणार कशात?

आपल्या तंत्रज्ञांनी लक्समीटर लावून 'उजेड उलट जास्तच आहे' असा निर्वाळा दिला. चूक नेमकी त्यातूनच सिद्ध होते. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाचे, आणि डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वांत तेज. तेवढ्याच ऊर्जेचा ६३० चा दिवा ६६० च्या चौपटीहून जास्त लक्स दाखवतो. शेवाळाच्या कामाला पीएआर मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड मोजणारा) लागतो, मोजमाप मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. तो मीटर तंत्रज्ञांकडे नव्हता.

दुसरी बाब आयपी६५ ची, म्हणजे धूळ व पाण्याचे फवारे आत न शिरण्याच्या दर्जाची. केबल ग्लँडमध्ये (वायर आत शिरते तिथल्या बंद तोंडात) रबरी वॉशरच नाहीत. खारी हवा आत शिरून ड्रायव्हरच्या (दिव्यांना वीज पुरवणाऱ्या भागाच्या) तांब्याच्या टर्मिनलवर हिरवा थर चढला आहे; जोड तापतो, दिवे लुकलुकतात. त्यावर तंत्रज्ञांनी व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन भरला. सुकताना त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते आणि तांबे आणखी खाल्ले जाते. अशा ठिकाणी न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारा) सिलिकॉनच वापरतात, हे दिवे बनवणाऱ्या कंपनीला आम्हाला सांगावे लागते!

तरी सर्व लाल पॅनल बदलून ६६० नॅनोमीटरचे (फरक ५ च्या आत) द्यावेत. सोबत त्याच लॉटचा स्पेक्ट्रम अहवाल आणि २० सेंटीमीटरवरून मध्यभागी व चारही कोपऱ्यांत घेतलेली पीएआर मोजणी हवी. खराब ड्रायव्हर बदलावेत, ग्लँड वॉशरसह बसवावेत, स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेसचे असावेत. नेण्या-आणण्याचा खर्च आपला.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ. 'व्यावसायिक खरेदी' म्हणून हात झटकू नयेत. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते.

कळावे,
तक्रारदार, मालवण, जि. सिंधुदुर्ग

सोबत: बिल, स्पेक्ट्रोमीटरचा आलेख, टर्मिनलचे फोटो