तक्रार: 'जुनी गावं पायी फिरा' सांगून डॅन्यूब क्रूझवर आम्हाला बसमध्ये बसवून ठेवल्याबद्दल

प्रति, कस्टमर केअर,

नमस्कार. सप्टेंबरची जर्मनीतलं पासाऊ ते हंगेरीतलं बुडापेस्ट, सात रात्रींची डॅन्यूब क्रूझ, बुकिंग मी आणि माझी ताई अशा दोघींचं, पावती सोबत जोडली आहे. यावर फोनवर तीन वेळा बोलून झालं, तिन्ही वेळा वेगळ्या मुलीने फोन उचलला आणि तिन्ही वेळा पहिल्यापासून रामायण सांगावं लागलं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलं तरी वाचा प्लीज, तुमच्या अटी-शर्तींची अकरा पानं मी पण वाचली होती.

आधी जे चांगलं होतं ते. बोट छान, केबिन स्वच्छ, स्टाफ गोड. व्हिएन्नाला धक्क्यावर आमच्या बोटीला खेटून दुसरी बोट उभी केली आणि पडदा उघडला तर समोर एक परके आजोबा दात घासतायत, त्याचीही तक्रार नाही, आमच्या ठाण्याच्या बिल्डिंगमध्ये काय वेगळं असतं.

तक्रार एकच आहे. तुमच्या ब्रोशरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'जुन्या युरोपची गावं निवांत पायी फिरा' असं आहे. ते वाचून मी बुकिंग केलं, माणशी 3 लाख 40 हजार भरले, दोन महिने रोज उपवन तलावाला चकरा मारून नवीन बूट मऊ केले. ताई 67 वर्षांची आहे, पुण्यात रोज सकाळी पर्वती चढते. आणि तुम्ही आम्हाला बसमध्ये बसवलंत.

पासाऊचं जुनं गाव म्हणजे डॅन्यूब आणि इन या दोन नद्यांच्या मधली चिंचोळी जीभ, एका नदीकडून बोळात शिरलं की काही मिनिटांत दुसरी नदी दिसते, आणि टोकाला काळपट पाण्याची तिसरी, इल्झ, येऊन मिळते. बोटीचा स्वतःचा लोकल गाइड सगळ्यांना पायी नेत होता, कानात लावायचा रिसीव्हर केबिनमध्ये ठेवलेला होता, हे सगळं क्रूझच्या पैशांतच होतं. पण तुमच्या टूर मॅनेजरने आमचा 26 जणांचा ग्रुप त्यातून वेगळा काढला. का, तर 'आपल्या लोकांना तेवढं चालवत नाही'. टोकावर दहा मिनिटांचा फोटो स्टॉप आणि परत. वाटेत टाउन हॉलच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा आहेत, प्रत्येकीपुढे साल. 2013 ची रेघ डोक्याच्या कितीतरी वर, 1501 नंतरचा सगळ्यात मोठा पूर तो. ताईचं सासर सांगलीचं, 2019 ला त्यांच्या घरात पाणी शिरलेलं, ती त्या भिंतीपाशी उभी राहून बोटाने एकेक साल वाचत होती तोवर मागून टाळ्या, 'चला चला मॅडम, ग्रुप थांबलाय'. ग्रुप कशासाठी थांबला होता, तर बोटीवर साडेअकराला ब्रीफिंग होतं. ब्रीफिंग म्हणजे ऑप्शनल टूर विकणं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. तिथल्या कॅथेड्रलमध्ये 17,974 पाइपांचा ऑर्गन आहे, दुपारी बाराला त्याची मैफल असते, बोटीवरचे बाकीचे लोक ती ऐकून आले आणि जेवताना त्याच गप्पा. आम्ही त्या वेळी स्लाइड्स बघत होतो.

ऑस्ट्रियातल्या ड्युर्नश्टाइन गावाबद्दल मला जास्त लिहायचंय कारण तिथे माझा पाणउतारा झाला. इटिनररीत स्पष्ट होतं की गावातून वर पडक्या किल्ल्यापर्यंत चढून जायचं. इंग्लंडचा राजा रिचर्ड क्रूसेडवरून परतताना 1192 मध्ये ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या हाती सापडला आणि त्याला या किल्ल्यात ठेवलेलं, तो हा किल्ला. मिळाला सव्वा तास, त्यातली पन्नास मिनिटं जर्दाळूच्या जॅमच्या दुकानात. जॅम, लिकर, साबण, सगळं जर्दाळूचं. जॅम चांगला होता, मी पण दोन बाटल्या घेतल्या, नाही म्हणत नाही, पण त्याला पाच मिनिटं पुरतात हो. आम्ही दोघी टूर मॅनेजरला सांगून वर निघालो. वाट दगडांची, चढ आहे, पण राजमाची केलेल्या माणसाला काही नाही. वर गेल्यावर खाली डॅन्यूबचं वळण, उतारावर द्राक्षांचे मळे आणि चर्चचा तो निळा-पांढरा मनोरा, ताई एका दगडावर बसली आणि दोन मिनिटं काहीच बोलली नाही, जी एरवी झोपेत पण बोलते. तोवरच्या ट्रिपमध्ये तुमच्या इटिनररीतलं आम्ही जे खरं पाहिलं ते हे, आणि ते तुमच्या परवानगीशिवाय पाहिलं असं धरलं गेलं. खाली यायला सात मिनिटं उशीर झाला, मान्य आहे. त्यावर टूर मॅनेजरने माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर 'दोन सिनिअर मॅडममुळे सगळ्यांचा खोळंबा झाला' म्हणून सांगितलं. जॅमच्या दुकानात पन्नास मिनिटं गेली तेव्हा माइकवर कोणी काही बोललं नाही.

व्हिएन्नाला बोट राइशब्र्युके पुलाजवळ लागते. तिथून यू-1 मेट्रोने थेट सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दारात उतरता येतं, हे मी घरूनच बघून ठेवलेलं. त्याच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या, ताईने तिथे चढायचं ठरवलेलं. पण जुन्या शहरात जेमतेम तासभर झाला आणि बसने 'इंडियन लंच'ला, जाऊन-येऊन-जेवून पावणेदोन तास. पनीर, दाल, जीरा राइस आणि एक गुलाबजाम. आता मला सांगा, बोटीवर दुपारचं जेवण होतं, व्हेज होतं, त्याचे पैसे आम्ही भरलेले होते. मग व्हिएन्नात जाऊन पनीर कशाला? ज्यांना हवं त्यांना न्या की, पण बाकीच्यांना मोकळं सोडा. आम्ही दोघी मेट्रोने परत येतो म्हटलं तर 'कंपनी पॉलिसी नाही'.

आता यावर तुमच्या ऑफिसचं फोनवर ठरलेलं उत्तर येतं की ग्रुपमध्ये ज्येष्ठ लोक असतात, त्यांना चालायला त्रास होतो. त्याचा पुरावा माझ्याकडे उलटा आहे. ब्रातिस्लाव्हाला तुमचा टूर मॅनेजर ताप आल्याने केबिनमध्ये झोपून होता (त्याला लवकर बरं वाटो असंच म्हटलं आम्ही, वैर नाही), म्हणून ग्रुप नाइलाजाने बोटीच्या गाइडकडे गेला. धक्क्यापासून जुनं शहर चालतच. मिखाएल दरवाजा, गटाराच्या झाकणातून डोकं काढून बसलेला तो चुमिल नावाचा ब्राँझचा पुतळा, आणि जमिनीत बसवलेले छोटे पितळी मुकुट, ते बघत चालायचं, कारण 1563 ते 1830 हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक इथल्या सेंट मार्टिन कॅथेड्रलमध्ये व्हायचे आणि ती त्या मिरवणुकीची वाट. अडीच तास चाललो. ग्रुपमधले 74 वर्षांचे काका मुकुट मोजत सगळ्यांच्या पुढे होते, एकजण थकला नाही, मधे एकदा बसून कॉफी प्यालो बस्स. त्या एका दिवशी मला ब्रोशरमध्ये लिहिलेली ट्रिप मिळाली.

बुडापेस्टचं थोडक्यात. 'पॅनोरमिक सिटी टूर', म्हणजे बस. नदीकाठचे ते लोखंडी बूट, 1944-45 मध्ये तिथे गोळ्या घालून नदीत टाकलेल्या ज्यूंची आठवण, ते 'डाव्या बाजूला बघा' असं सांगून गेलं. मी उजव्या बाजूला बसले होते.

तुम्ही भरपाई म्हणून पुढच्या टूरवर 5 हजारांचं व्हाउचर देऊ केलंत. नको. मला हवंय ते असं: पासाऊ, ड्युर्नश्टाइन, व्हिएन्ना आणि बुडापेस्टचे जे वॉकिंग टूर इटिनररीत असून दिले नाहीत त्यांचे पैसे दोघींना परत, व्हिएन्नाच्या जेवणाचे वेगळे लावलेले पैसे परत, आणि माइकवर जे बोलले गेलं त्याबद्दल ताईला लेखी सॉरी, मला नाही दिलंत तरी चालेल. आणि ब्रोशरमधून 'पायी' हा शब्द काढा, नाहीतर बस काढा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, 34 वर्षं बँकेत काढलीत, कागद नीट लावता येतात. मूळ इटिनररी, रोजचे वेळेसकट फोटो आणि ग्रुपमधल्या आणखी नऊ जणांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. काकांची सही पहिली आहे.

आपली,
एक प्रवासी, ठाणे

ता.क. बोटीचे दोन रिसीव्हर चुकून माझ्या पर्समध्ये राहिलेत, न वापरलेले, प्लास्टिकच्या पाकिटातच आहेत. कुठल्या पत्त्यावर पाठवायचे ते कळवा.