कांटचा बिनपगारी काळ

महोदय,

युरोपातल्या विद्यापीठांचे गोडवे गाणारा लेख वाचला. पीएच.डी. झाली की प्राध्यापकी, असा सरळ हिशेब जर्मनीत मात्र कधीच नव्हता. थोर जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचेच बघा. 1755 मध्ये अग्नीवर लॅटिन प्रबंध लिहून त्याने पदवी मिळवली. शिकवायची परवानगी हवी म्हणून त्याच वर्षी दुसरा प्रबंध लिहिला आणि जाहीर वादात त्याचे समर्थन केले. एवढे करून पदरात काय पडले? क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात ‘प्रिवाटडोत्सेंट’ हे बिनपगारी अध्यापकाचे पद! विद्यार्थी देतील ती फी हीच कमाई. आपल्या तासिका तत्त्वापेक्षाही बेभरवशाची. तर्कशास्त्र, गणित, अगदी भूगोलही तो शिकवायचा. ठरावीक पगारासाठी 1766 मध्ये राजवाड्याच्या ग्रंथालयात दुय्यम ग्रंथपालाची नोकरी धरली. प्राध्यापकपद मिळाले ते 1770 मध्ये, पंचेचाळिशी उलटल्यावर.

आजही जर्मनीत पीएच.डी.नंतर ‘हाबिलिटाट्सिओन’ नावाचा, प्राध्यापकीच्या पात्रतेचा दुसरा डोंगर आहेच. तो चढलेले कित्येक जण ‘प्रिवाटडोत्सेंट’ ही उपाधी टिकवण्यासाठी फुकट तास घेतात. 2002 पासून कनिष्ठ प्राध्यापकपदाची वेगळी वाट निघाली आहे. लेखात निदान तिचा तरी उल्लेख हवा होता.

– एक वाचक, पुणे