विषय : गच्चीला पांढरा कोट मारण्याबाबत (पाचवं पत्र)

मा. अध्यक्ष साहेब,
नमस्कार.

याआधीची चार पत्रं मी टाईप करून, तारीख टाकून ऑफिसात दिली होती. त्यातलं एक मला दिवाळीत वॉचमनच्या टेबलाखाली सापडलं, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. म्हणून हे साध्या भाषेत लिहितो, आपल्या हातात देतो आणि ग्रुपवर पण टाकतो. राग मानू नये.

नवतपा कालच संपला. नऊ दिवस ४०४ मध्ये आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. आपण पहिल्या मजल्यावर राहता, आपल्या डोक्यावर तीन घरं आहेत, त्यामुळे आपल्याला ते कळणार नाही, यात आपला दोष नाही. माझ्या डोक्यावर डायरेक्ट सूर्य आहे. मध्ये फक्त स्लॅब आणि त्यावरचा काळा पडलेला कोबा. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आमच्या अंगावर सोडतो. रात्री दीड वाजता भिंतीला हात लावला तं कोमट लागते, फॅन लावला की तो वरचीच गरम हवा खाली ढकलतो. आई ८१ वर्षांची आहे, पलंग सोडून फरशीवर ओला टॉवेल अंथरून झोपून राहिली.

कोविडात सोसायटीने कपाळाला धरायची टेंपरेचर गन घेतली होती, ती मी ऑफिसातून सही करून घेऊन आलो. आईच्या कपाळाला धरली, ३६.८. बेडरूमच्या छताला धरली तर आकडाच नाही, नुसतं 'हाय' लिहून येते आणि मशीन टूं टूं करते. म्हणजे मशीनचं म्हणणं असं की छताला ताप आहे. हे मी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकलं तर ४०३ च्या काकांनी हसायचे तीन इमोजी टाकले आणि लिहिलं की २०२४ मध्ये नागपुरात ५६ डिग्री दाखवणारं मशीन पण शेवटी बिघडलेलंच निघालं होतं. बरोबर आहे, ती सेन्सरची चूक होती, हवामान खात्यानेच सांगितलं. पण २३ मे २०१३ चे ४७.९ तर खरे होते ना. आणि माझं छत काही सेन्सर नाही.

मी नुसतं रडत बसणारा माणूस नाही हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. घरातलं जे माझ्या हातात होतं ते मी केलं. पाच जुने फॅन काढले, ७५ वॉटचे होते, त्या जागी ३० वॉटवाले बीएलडीसी लावले. सगळे एलईडी केले. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई सोडली (आतून पडदा लावून उपयोग नसतो, ऊन आत आलं की आलं, ते काचेच्या बाहेरच अडवावं लागते), एसीच्या खोलीच्या दाराला खालून रबरपट्टी मारली, एसी २४ वर ठेवतो आणि तोही फक्त आईसाठी, फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, कूलरच्या ताट्या दरवर्षी बदलतो. एप्रिलचे युनिट ४६० वरून ३३५ वर आले. पण ३०० च्या खाली काही केल्या येत नाहीत आणि ३०० च्या वर गेलं की वरच्या युनिटांना पुढच्या स्लॅबचा रेट लागतो. बिलात पण स्लॅब, डोक्यावर पण स्लॅब. आता जे राहिलं ते माझ्या छताच्या वर आहे आणि ते माझं नाही, सोसायटीचं आहे.

उपाय काही फार मोठा नाही. पांढरं रिफ्लेक्टिव कोटिंग, ऊन परत फेकते, कोबा तापत नाही. आपल्याकडे जुने लोक डिंक टाकून चुना मारायचे तेच. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी अख्खी पॉलिसी काढली, अहमदाबादला झोपडपट्टीच्या पत्र्यांवर पांढरा रंग मारून झाला. मी कोटेशन आणून दिलं, २८०० स्क्वेअर फूट गुणिले ३५, म्हणजे ९८ हजार, १६ फ्लॅट, घरटी ६१२५. त्यावर पहिल्या मजल्यावरचे एक सभासद म्हणाले की ऊन तुमच्या घरात येते तर तुम्ही चौघांनीच भरा. मग पार्किंगमध्ये पाणी साचते तेव्हा चौथ्या मजल्याने पैसे कायले द्यायचे, माझी तर गाडी पण नाही, स्कूटर आहे. पण मी दिले. बोललो नाही कधी.

आता ४०३ चे काका. त्यांच्याशी माझं वैयक्तिक काही नाही. त्यांचं म्हणणं की पांढऱ्या गच्चीने डोळ्यांवर चमक येईल आणि काकूंना कुरडया वाळवायला त्रास होईल. साहेब, कुरडया वाळवायला ऊन लागते, काळा कोबा लागत नाही. काकूंच्या कुरडया उत्तम असतात, आम्हाला पण दरवर्षी डबा येतो (यावर्षी आला नाही). खरी गोष्ट अशी आहे की कोटिंग करायचं तर गच्ची रिकामी करावी लागेल, आणि वर त्यांचे तीन जुने कूलर, एक मोडकी खाट, टाईल्सच्या सहा पेट्या आणि नातवाची सायकल आहे. मागच्या मे महिन्यात मी माझ्या बेडरूमच्या वर स्वखर्चाने ग्रीन नेट बांधली तर चौथ्या दिवशी मला नोटीस आली, की गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक आहे. एकदम मान्य, मी त्याच दिवशी नेट काढली. फक्त तो नियम नेटला लागतो आणि कूलरला का लागत नाही एवढंच विचारून राहिलो. त्यानंतर मी संध्याकाळी कोब्यावर पाणी शिंपडायचो, तर काकांनी लिहून दिलं की ४०४ वाले रोज अर्धा तास टाकीचं पाणी वाया घालवतात. हे धादांत खोटं आहे, मी चार बादल्याच टाकायचो. पाईप एक-दोनदा लावला असेल.

मधल्या काळात सेक्रेटरी साहेबांनी सोलारची आयडिया काढली. मी लगेच हो म्हणालो. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे आणि पॅनेलची सावली पण पडते. तर ठरलं काय, की सोलार होणारच आहे तर कोटिंग थांबवा. सोलारसाठी गच्ची रिकामी लागेल, त्यावर चर्चा पुढच्या मीटिंगमध्ये. पुढच्या मीटिंगमध्ये विषय निघाला गणपतीच्या वर्गणीचा. म्हणजे आता कोटिंग पण नाही आणि सोलार पण नाही, कूलर मात्र आहेत.

ज्यांना हा माझ्या घरचा प्रश्न वाटतो त्यांनी कॉमन मीटरकडे बघावं. जिना आणि पार्किंग मिळून १४ जुन्या ट्यूब, चोक धरून एक ५० वॉट, आणि त्या चोवीस तास चालू. महिन्याला ५०४ युनिट होतात, नुसत्या ट्यूबांचे. २० वॉटच्या एलईडी लावून रात्रीचे बारा तास चालवल्या तर १०० होतात. मी सकाळी सहाला फिरायला जाताना जिन्याचे लाईट बंद करतो आणि सव्वासहाला ते पुन्हा चालू झालेले असतात. चौथ्या मजल्यावर मी स्वतःच्या पैशाने एलईडी बल्ब लावला होता, तो आता एका घराच्या शू रॅकच्या वर लागलेला आहे. नाव घेत नाही.

या विषयात मी एकटा नाही हे पण नोंद घ्यावं. ४०२ वाले मुलाकडे पुण्याला असतात पण फोनवर म्हणाले की तुमचं बरोबर आहे. ४०१ मधली भाड्याची पोरं म्हणाली, "हो काका, खूपच गरम होतं", आणि ती गच्चीवर झोपतात, आता आणखी काय पुरावा पाहिजे. ३०१ च्या वहिनींचा पण पाठिंबा आहे, त्या मीटिंगमध्ये बोलत नाहीत एवढंच.

उपविधींप्रमाणे लेखी तक्रार पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये घ्यायची आणि त्यानंतर १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. मला चार पत्रांवर तोंडी चार उत्तरं मिळाली : पावसाळ्यानंतर बघू, दिवाळीनंतर बघू, उन्हाळ्याआधी करून टाकू, आणि आता उन्हाळा संपतच आला की. कोट कोरड्या गच्चीवरच बसतो साहेब, मृग लागला की विषय पुन्हा पावसाळ्यानंतरवर जाईल.

तेव्हा विनंती एवढीच की येत्या रविवारी दुपारी ३ वाजता कमिटीची मीटिंग माझ्या बेडरूममध्ये घ्यावी. खुर्च्या आहेत, पन्हं घरचं आहे, कूलर बंद राहील. ४०३ च्या काकांसाठी पलंगावर फॅनच्या बरोबर खालची जागा राखून ठेवतो. टेंपरेचर गन तेवढी ऑफिसातून आणावी, मी सही करून परत केलेली आहे.

आपला,
सभासद, फ्लॅट ४०४

ता.क. माझ्या कूलरचं पाणी ३०४ च्या गॅलरीत पडते अशी तक्रार आपल्याकडे आल्याचं कानावर आलं. ती लेखी द्यायला सांगावी.