पाच तारखेच्या आत : बचत एजंट काकूंना जाहीर आभारपत्र

तीर्थस्वरूप काकूंना,
सादर नमस्कार.

गुडघ्यांमुळे तुम्ही पोस्टाची एजन्सी सोडल्याचे मागील महिन्यात काउंटरवर समजले, आणि इतक्या वर्षांत तुमचे आभार मानायचे राहूनच गेले याची मनापासून खंत वाटली. तुम्ही आमच्या वॉर्डात याल तेव्हा बोलू, असे म्हणता म्हणता मीच निवृत्तीच्या उंबरठ्यावर आले. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की तुमच्याकडून मी जे शिकले ते आज पहिला पगार घेणाऱ्या एखाद्या मुलीलाही उपयोगी पडावे.

जानेवारी 1998 मध्ये सांगलीच्या एका खासगी रुग्णालयात मी परिचारिका म्हणून काम करत होते आणि मला 2,400 रुपये पगार होता. महिना संपताना काही उरले तर ते बाजूला ठेवायचे, असा माझा बेत असे आणि कधीच काही उरत नसे. सकाळची आणि दुपारची शिफ्ट बदलताना तुम्ही कापडी पिशवी घेऊन यायचात. माझ्या नावावर तुम्ही 200 रुपयांची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायचे आवर्ती ठेव खाते, उघडून दिलीत आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी, किराणा भरण्याच्या आधी, ते पैसे मागायला उभ्या राहू लागलात. पहिले तीन महिने मला तुमचा रागच आला. चौथ्या महिन्यापासून मी घरखर्चाचा हिशेब 2,200 रुपयांपासूनच मांडू लागले, आणि माझ्या आर्थिक आयुष्यातला खरा बदल तो होता असे आज मी खात्रीने सांगू शकते.

पैसे दिल्यावर अस्लास कार्डावर, म्हणजे हप्त्यांची नोंद ठेवण्याच्या कार्डावर, तुमची सही घेतल्याशिवाय मला जागचे हलू द्यायचे नाही, हाही तुमचाच नियम होता. 'माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका', असे शिकवणारी एजंट मी दुसरी पाहिली नाही.

त्याहून मोठी गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. तुमच्यासारख्या, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंटांना आरडीवर शेकडा चार रुपये कमिशन मिळते, म्हणजे माझ्या 200 रुपयांपोटी तुमच्या पदरात महिन्याला आठ रुपये पडत होते. असे असूनही, मी आरडी 500 रुपयांची करण्याची इच्छा बोलून दाखवल्यावर तुम्ही मला थांबवलेत आणि वाढीव 300 रुपये पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या दीर्घ मुदतीच्या सरकारी बचत खात्यात, भरण्यासाठी मुख्य टपाल कार्यालयात पाठवलेत. त्या खात्यात तुम्हाला एक पैसाही मिळणार नव्हता. तेव्हा पीपीएफचा व्याजदर 12 टक्के होता आणि मुदत 15 वर्षांची, "इतकी वर्षे कोण थांबणार?" या माझ्या प्रश्नावर तुम्ही फक्त हसला होता.

एकदा रात्रपाळीमुळे मी सहा तारखेला पैसे भरले, तो प्रसंग तुम्हाला कदाचित आठवत नसेल. पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच पीपीएफचे त्या महिन्याचे व्याज धरतात, त्यामुळे माझ्या 300 रुपयांचे त्या महिन्याचे व्याज गेले. नुकसान होते तीन रुपयांचे, आणि तुम्ही त्यासाठी मला पुऱ्या वॉर्डासमोर बोललात. मला ते हास्यास्पद वाटले होते. पुढे मुलीला हिशेब समजावताना मी आकडेमोड केली, तेव्हा तुमच्या त्या रागाचा अर्थ लागला. सरसकट 8 टक्के दर धरला, तर दरमहा 1,000 रुपये वेळेवर भरणाऱ्याचे 25 वर्षांत सुमारे 9 लाख 15 हजार होतात. तीच व्यक्ती दहा वर्षे उशिरा सुरुवात करून 15 वर्षे भरेल, तर तिच्या हाती सुमारे 3 लाख 40 हजार येतात. भरलेल्या रकमेत फरक केवळ 1 लाख 20 हजारांचा; बाकीची सगळी तफावत वाट पाहण्याची असते. तुम्ही चक्रवाढ हा शब्द एकदाही न उच्चारता मला ते शिकवत होता.

जानेवारी 2000 मध्ये पीपीएफचा दर 11 टक्क्यांवर आला आणि मार्च 2003 पर्यंत 8 टक्क्यांवर उतरला, तेव्हा मी खाते थांबवायला निघाले होते. बँकेच्या ठेवींचे दर काय झालेत ते आधी विचारून ये, असे तुम्ही म्हणालात. ते विचारले आणि मी मुकाट्याने परतले. त्याच वर्षी पहिली आरडी पूर्ण झाली. हातात आलेल्या पैशाला पाय फुटतात हे ओळखून तुम्ही नव्या आरडीचा अर्ज भरूनच आणला होता. पाटल्यांचा बेत बारगळला, हे आज कबूल करते.

एका बाबतीत मात्र मी तुमचे ऐकले नाही. दोन टक्के जास्त व्याजाच्या मोहाने मी एका पतसंस्थेत 25,000 रुपये ठेवले. बँकेतील ठेवीला विमा असतो (तेव्हा त्याची मर्यादा 1 लाख होती, 2020 पासून ती 5 लाख झाली), पतसंस्थेतील ठेवीला तो नसतो, असे तुम्ही स्पष्ट बजावले होते. पैसे अडकले, आणि कित्येक वर्षांनी जेमतेम निम्मे परत मिळाले. तुम्ही त्यावर एक शब्दही बोलला नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

शेअर बाजाराबद्दल मात्र आपले मत आजही जुळणार नाही. तुमच्या लेखी तो जुगार. मला वाटते की एप्रिल 2020 पासून पीपीएफचा दर 7.1 टक्के असताना वीस-पंचवीस वर्षांच्या गरजेसाठी थोडा वाटा तिकडे असायला हवा. मी तर 2012 पासूनच इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणाऱ्या फंडात, दरमहा थोडी रक्कम भरते. पण 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे 13 टक्क्यांनी कोसळला, तेव्हा भोवतालचे लोक विकत सुटले असताना मी पुढचा हप्ता नेहमीच्या तारखेला भरला, तो तुम्ही लावलेल्या सवयीमुळेच. त्या अर्थाने त्या खात्याच्याही एजंट तुम्हीच.

माझे पीपीएफ खाते 2014 मध्ये पूर्ण झाले. मी ते पाच-पाच वर्षांनी दोनदा वाढवून घेतले आणि मधल्या काळात त्यातूनच घराची पहिली रक्कम भरली. कर्जाच्या कागदांवर नवऱ्याच्या नावाआधी माझे नाव आहे.

मुलीला यंदा पुण्यात नोकरी लागली. तिचा हप्ता मोबाइलवरून परस्पर जातो, तिला पिशवी घेऊन दारात उभे राहणारे कोणी लागत नाही. तरी तिने तारीख निवडताना मला फोन केला, आणि मी तिला चार सांगितली. तुमच्या सह्यांचे पहिले कार्ड मी जपून ठेवले आहे. शेवटचा रकाना भरलेला आहे. येत्या रविवारी ते दाखवायला आम्ही दोघी तुमच्याकडे येत आहोत. जिना आम्ही चढू, तुम्ही उतरू नका.

तुमची,
तिसऱ्या वॉर्डातील सिस्टर