सेंट लुईसचा पेठेतला फुटबॉल

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, इथं सगळे बेसबॉलवाले, आपल्या फुटबॉलचं कुणाला काही पडलेलं नाही," असं तू फोनवर म्हणालीस, ते मला पटलं नाही. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्या शहराबद्दल म्हणाली असतीस तर गप्प बसलो असतो. पण कोल्हापूरची पोरगी सेंट लुईसमध्ये राहून असं म्हणते म्हटल्यावर लिहायलाच बसलो.

तुमच्या त्या शहरात 1904 साली ऑलिम्पिक झालं. फुटबॉलला संघ आले तीन, त्यातले दोन गावातलेच! एक ख्रिश्चन ब्रदर्स कॉलेजचा आणि दुसरा सेंट रोज चर्चचा. कॅनडाच्या गाल्ट संघानं दोघांनाही हरवलं, तरी रौप्य आणि कांस्य घरातच राहिलं. त्या पदकांना मी फार किंमत देत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते चर्चच्या नावानं संघ असणं. आयरिश, इटालियन, जर्मन, स्पॅनिश कष्टकरी माणसं तिथं येऊन राहिली. प्रत्येक वस्तीचं आपलं चर्च आणि चर्चचा आपला संघ. आपल्याकडं कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींच्या फुटबॉल संघांची नावं घेतली की पेठा जशा इरेला पेटतात, तसाच हा मामला.

1907 पासून खेळाडूंना पैसे देणारी लीगही तिथं चालली. पुढं संघ दुकानदार आणि कारखानदारांनी पोसले. 1920 साली राष्ट्रीय चषक जिंकणारा बेन मिलर्स हा टोप्या बनवणाऱ्या कंपनीचा संघ. 1933 आणि 34 ला जिंकला तो एका मोठ्या कापडचोपडाच्या दुकानाचा. आणि 1957 चा विजेता कुटिस? अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या कुटिस घराण्याचा! शाहू स्टेडियमवर असा संघ उतरला असता तर प्रेक्षकांनी काय काय ओरडलं असतं, कल्पना कर.

आता 1950 चा वर्ल्ड कप. 29 जूनला ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंटेला अमेरिकेनं इंग्लंडला 1-0 हरवलं. गोल हैतीच्या जो गेटजेन्सचा, त्यामुळं फोटो त्याचाच छापतात. पण अकरांतले पाच सेंट लुईसचे होते. बोर्गी, कोलंबो, पारियानी आणि वॉलेस हे चौघे तर 'द हिल' या एकाच इटालियन वस्तीतले. गोलकीपर फ्रँक बोर्गी महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करायचा, पुढं अंत्यसंस्काराच्याच धंद्यात पडला. त्याला बॉल लाथाडायला फारसं आवडायचं नाही, हातानंच लांब फेकायचा. पाचवा हॅरी किओ, पोस्टमन. अमेरिकेतून हा सामना बघायला एकच पत्रकार गेला होता, सेंट लुईसचा डेंट मॅकस्किमिंग, तोही सुट्टी काढून आणि पदरमोड करून. मला तर गोलपेक्षा हा माणूस जास्त आवडतो.

किओनं पुढं, 1967 पासून, सेंट लुईस विद्यापीठाच्या संघाला शिकवलं. 1959 ते 1973 या काळात त्या संघानं राष्ट्रीय विजेतेपद दहा वेळा मिळवलं, आणि पोरं बहुतेक याच चर्चच्या शाळांमधून आलेली. दोन वर्ल्ड कप जिंकलेली बेकी सॉअरब्रनही तिथलीच. बोस्नियाच्या युद्धानंतर तिथं आलेल्या निर्वासितांमधला वेदाद इबिशेविच आधी याच विद्यापीठाकडून खेळला आणि नंतर फ्रान्समार्गे जर्मनीच्या बुंडेसलिगा या सर्वात वरच्या लीगमध्ये गेला.

2023 ला सेंट लुईसची सिटी एससी ही टीम मेजर लीग सॉकर या अमेरिकेतल्या फुटबॉलच्या सर्वात वरच्या लीगमध्ये आली आणि पहिले पाचही सामने जिंकली. आनंद आहे. पण तिच्या स्टेडियमपाशी दगडी खांब उभे आहेत, ते जरूर बघ. तिथल्या मिल क्रीक व्हॅलीत कृष्णवर्णीयांची वस्ती होती, तिचीच ती आठवण. 1959 पासून 'सुधारणा' म्हणून ती जमीनदोस्त केली, सुमारे वीस हजार माणसं हलवली. चर्चच्या लीगमध्ये त्या वस्तीतल्या पोरांना किती जागा मिळाली असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आणि आता अमेरिकेत पोराला चांगल्या क्लबात घालायचं तर बापाचा खिसा जड लागतो. टोप्यावाल्यानं आणि कुटिसनं पोसलेला खेळ असा फीच्या पैशांवर आला, हे मला बरं वाटत नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी द हिलला जा. सेंट अँब्रोज चर्चच्या आसपास कुणी म्हातारा भेटला तर त्याला बोर्गीबद्दल विचार, आणि पोरं अजून रस्त्यावर खेळतात का ते मला कळव. आई म्हणते, जेवूनही ये तिथं, इटालियन लोक उपाशी ठेवत नाहीत.

तुझा,
बाबा