मॉर्टर तोफखान्याची नव्हे, पायदळाची

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पहिल्या महायुद्धावरचा लेख वाचला, बाकी चांगलाय पण त्यात सरळ ठोकून दिलंय की मॉर्टर म्हणजे तोफखान्याची छोटी तोफ. मी पायदळात मॉर्टर प्लॅटूनमध्ये बारा वर्षं काढली, बेसप्लेट (नळीखालची जड लोखंडी प्लेट) वाहून वाहून अजून थंडीत खांदा धरतो, त्यामुळे राहवलं नाही.

मुळात ही मॉर्टर लागली कशाला ते बघा. 1914 संपता संपता फ्रान्स-बेल्जियममध्ये दोन्हीकडचे लोक जमिनीत शिरले, काही ठिकाणी समोरचा खंदक शंभर यार्डांच्याही आत. मागच्या तोफेचा गोळा सपाट येणार, तो हात-दोन हात रुंदीच्या खंदकात उतरणार कसा, आणि इतक्या जवळ मारायला गेलं की आपलीच माणसं जायची. वरून खाली पडेल असं काहीतरी पाहिजे होतं. जर्मनांनी 1904-05 च्या रशिया-जपान युद्धातल्या पोर्ट आर्थरच्या वेढ्यावरून शिकून मिनेनवेर्फर, म्हणजे त्यांच्या मॉर्टर, आधीच करून ठेवलेले, त्यातल्या मोठ्याचा गोळा जवळपास शंभर किलोचा! इंग्रजांकडे तेव्हा नाव घेण्यासारखं काही नाही. आपले शिपाई तिकडं ऑक्टोबर 1914 पासून होते, खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअर पलटणीच्या) दोन कंपन्या 28 ऑक्टोबरला फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या हल्ल्यात पार चिंधड्या झाल्या, आणि सामान काय तर जॅमच्या रिकाम्या डब्यात दारू भरून केलेले हातबॉम्ब.

1915 ला विल्फ्रेड स्टोक्स नावाच्या इंजिनिअरने, जो खरं तर क्रेन बनवणाऱ्या कंपनीतला माणूस, साधी नळी, खाली प्लेट, पुढं दोन पाय असं बनवलं. बॉम्ब तोंडातून सोडायचा, तळाच्या पिनवर काडतूस आपटतं की सुटला. मिनिटाला वीस-पंचवीस. सैन्याच्या साहेबांनी आधी नकोच म्हटलं, मग तेव्हाचा दारूगोळा मंत्री लॉइड जॉर्ज याने उचलून धरलं. त्या पहिल्या बॉम्बला शेपटी नव्हती, हवेत कोलांट्या खात जायचा. युद्धानंतर फ्रान्सच्या ब्रांट कंपनीने पंखवाला बॉम्ब आणला, आम्ही चालवलेली 81 मिलिमीटर त्याच घराण्यातली.

आता लेखकाची बाजू पण सांगतो, अगदीच चूक नाही ते. इंग्रजांच्या मध्यम आणि जड मॉर्टर तोफखान्याकडेच होत्या. पण हलकी स्टोक्स 1916 पासून ब्रिगेडच्या पायदळातलीच माणसं चालवायची. गंमत म्हणजे खंदकातल्या शिपायांना ही मंडळी नकोशी वाटायची, कारण हे येणार, धडाधड दहा-वीस बॉम्ब मारणार, नळी उचलून पसार, आणि उलटा मारा बसणार तिथंच बसलेल्यांवर. आमच्या वेळी पण रायफल कंपनीवाले म्हणायचे, "तुमचं झालं की लांब जावा बाबांनो."

लेखात कुतचं नाव सुद्धा नाही याचं जास्त वाईट वाटलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, या कुत गावाला तुर्कांनी डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 वेढा घातला, त्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. तुर्कांचे खंदक सरकत सरकत जवळ आलेले, बाहेरून स्टोक्स मिळणं शक्यच नाही, तेव्हा तिथल्या इंजिनिअर अफसरांनी विमानाच्या ग्नोम इंजिनाचा सिलिंडर काढून त्याची मॉर्टर केली! पुढं अन्न संपलं, घोडे-खेचरं खाल्ली, शरण जावं लागलं, ते सगळ्यांना माहितीये, पण इंजिनाची मॉर्टर कुणी सांगत नाही. आमच्या सातारा भागात गावोगावी महायुद्धावर गेलेल्यांच्या संख्येच्या पाट्या आहेत, त्यातले कितीजण कुतला होते देव जाणे.

आणि एक, लेखात मॉर्टर म्हणून जो फोटो छापलाय ती हॉवित्झर, म्हणजे तोफखान्याची मोठी तोफ आहे, चाकं दिसतायत साहेब.

आपला,
एक निवृत्त हवालदार, जि. सातारा