कॅपो पेन्सिलीचाच, पण रबर सायकलच्या ट्यूबचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्नेहसंमेलनाच्या तालमी लागल्या की नव्याने गिटार शिकणाऱ्यांची एकच अडचण होते. गाणारी म्हणते ‘काळी पाच’ (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर), आणि याला येतात जी, सी, डी अशा मोजक्या कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांचे ठरलेले गट. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. तो तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील आडव्या पट्ट्यांपैकी तिसरीवर) लावून जी धरला की काळी पाच लागते, तिथेच सी धरला की काळी दोन. पण तालुक्याच्या गावी कॅपो मिळेलच असे नाही. मग मुले पेन्सिल आणि रबरबँड बांधतात, तारा झणझणतात आणि दोष पेन्सिलीला मिळतो. खरा दोष रबरबँडचा. तो चार-पाच वेढे देऊन बांधावा लागतो, एका टोकाला वेढा जास्त पडतो आणि दुसऱ्या टोकाची तार सैल राहते. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात ताणून ठेवलेला रबरबँड लवकर चिकट होतो आणि तटकन तुटून डोळ्याकडेही येऊ शकतो.

पंक्चरच्या दुकानात सायकलची टाकाऊ ट्यूब सहज मिळते. व्हॉल्व्ह आणि जुनी ठिगळे सोडून तिच्या साधारण एक सेंटिमीटर रुंदीच्या आडव्या रिंगा कापाव्यात आणि आतली पांढरी पावडर पुसून टाकावी. मोटारसायकलची ट्यूब नको, तिची रिंग सैल पडते. पेन्सिल सहा कडांचीच घ्यावी. गोल पेन्सिल ताण बसला की गरकन फिरते आणि फ्रेटच्या पट्टीवर चढते. लोखंडी तारांच्या गिटारला साडेसहा सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारचा बोर्ड (तारांखालची फ्रेटची फळी) रुंद, त्याला साडेसात लागतो. दोन्ही टोकांपासून अर्धा सेंटिमीटर आत ब्लेडने खाच पाडावी, नाहीतर रिंग सटकते. ट्यूबचीच एक पट्टी पेन्सिलीच्या खालच्या सपाट बाजूला चिकटवावी. ही पट्टी टाळू नये. तिच्याशिवाय जाड तारा लाकडात रुततात आणि काही दिवसांत पेन्सिल सगळ्या तारांवर सारखी बसेनाशी होते.

पेन्सिल फ्रेटच्या पट्टीला समांतर, तिच्या अगदी मागे, म्हणजे खुंट्यांकडच्या बाजूला ठेवावी. रिंग एका खाचेत अडकवून नेकच्या (मानेच्या) खालून ओढून दुसऱ्या खाचेत अडकवावी. एकीने भागत नसेल तर वरून दुसरी. पेन्सिल पट्टीवरच आली तर आवाज बद्द येतो, फार मागे राहिली तर तार झणझणते किंवा जास्त दाबावी लागून सूर चढतो.

आता एकेक तार छेडून पाहावी. लोखंडी तारांच्या बहुतेक गिटारींचा बोर्ड मध्ये किंचित उंच असतो, त्यामुळे सरळ पेन्सिल मधल्या तारा घट्ट धरते आणि पहिली व सहावी सुटते. अशा वेळी रिंग आवळत बसू नये, मधल्या तारांचा सूर उगीच चढेल. झणझणणाऱ्या तारेवर, पेन्सिलीखाली, ट्यूबचा नखाएवढा तुकडा सरकवावा. क्लासिकलचा बोर्ड सपाट असल्याने तिथे हा खटाटोप सहसा लागत नाही.

गिटार आधी मोकळी सुरात लावावी, मग कॅपो, मग पुन्हा तपासणी. इथे मोबाइलचा ट्यूनर हमखास घोटाळा करतो. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो असताना सहावी तार ‘जी’ सूर दाखवणारच. ते पाहून मुले खुंटी सोडत सोडत ती मोकळ्या तारेच्या ‘ई’ वर आणतात आणि सगळी गिटार बिघडवून बसतात. साथीला पेटी असेल तर शेवटचा निर्णय पेटीचा.

वाजवून झाले की कॅपो काढून ठेवावा. काही गिटारींच्या पॉलिशला रबर चिकटून डाग पडतो, आणि ट्यूबचा काळा रंग उतरतो तो वेगळाच. पाचव्या फ्रेटच्या पुढे हा जुगाड बोटांच्या आड येतो. पहिल्या फ्रेटवरही तो कमी पडतो, कारण नटच्या (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) इतक्या जवळ तार दाबायला जोर जास्त लागतो. म्हणून काळी चार हवी असेल तर पहिल्यावर जी धरण्यापेक्षा चौथ्यावर ई धरणे बरे. फक्त त्याच्या जोडीचा बी सेव्हन कॉर्ड यायला हवा.

– एक गिटारशिक्षक, परभणी